अनुभव धागा: तुमचा बोर्ड गिऱ्हाईक कुठून वाचतं?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये वरच्या मजल्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. खालून पाहिलं तर पाटीला पाटी खेटलेली. तिथे आपली पाटी आणखी मोठी करून उपयोग नाही. गिऱ्हाईक फोन करून एकच विचारायचं, "भाऊ, कोणत्या जिन्याने येऊ?" म्हणून मी त्या प्रश्नाचं उत्तरच भिंतीवर लावलं. जिन्याच्या तोंडाशी, वळणावर आणि मजल्यावर पोचताच समोर, अशा तीन ठिकाणी लहान पिवळ्या पाट्या. त्यांवर बाण आणि "मोबाइल दुरुस्ती". दुकानाचं नाव फक्त दारावर. फोन कमी झाले, आणि अर्ध्या जिन्यावरून परत जाणारी म्हातारी माणसं वर येऊ लागली.

माझं ठाम मत आहे की बोर्ड गल्ल्यावर बसून ठरवू नये. गिऱ्हाईक जिथे थबकतं तिथे जाऊन उभं राहावं आणि मग ठरवावं. आपल्या खानदेशातल्या लहान धंदेवाल्यांनी इथे मोकळेपणाने लिहा: बोर्ड कुठे लावला, त्यावर काय लिहिलं, उन्हात काय टिकलं, गिऱ्हाइकात काय फरक पडला.

ढाबा, पारोळ्याजवळ

आमचा ढाबा धुळे-जळगाव महामार्गावर. रस्ता दुपदरी होता तेव्हा दोन्हीकडची गाडी सहज वळायची. चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि पलीकडच्या गाडीला ढाबा दिसायचा पण यायची वाट कळायची नाही.

हिशेब मांडून पाहा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. पेंटर लोकांचा जुना आडाखा असा की १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे फूटभर उंच अक्षर १२० फुटांवरून, आणि एवढं अंतर गाडी पावणेदोन सेकंदांच्या आत कापते. तेवढ्यात वाचायचं, घरच्यांना विचारायचं, मागची गाडी बघून वेग कमी करायचा, हे कोणालाच जमत नाही. म्हणून ढाब्यावरच्या बोर्डापेक्षा आमचा जीव रस्त्यात आधी लागणाऱ्या बोर्डांत आहे. महामार्गाच्या हद्दीत काही उभारायचं तर परवानगी लागते. आम्ही हद्द सोडून आत, शेतकऱ्याच्या वावरात, वर्षाचं भाडं ठरवून बोर्ड उभे केले. पहिल्यावर फक्त "शेवभाजी, १ किमी". दुसऱ्यावर "डावीकडे, ३०० मीटर". पलीकडच्या बाजूला "पुढून यू-टर्न घ्या". अक्षरं दोन-दोन फुटांची. मालकाचं नाव नाही, फोटो नाही, फोन नंबर नाही. चालत्या गाडीतून नंबर कोण लिहून घेणार?

यात एक ओळ माझ्या मुलाने घातली आणि ती सगळ्यांत जास्त चालली: "आठे शेवभाजी भेटस", म्हणजे आपल्या अहिराणीत "इथे शेवभाजी मिळते". सुरतेला कामाला गेलेली आपली माणसं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि लग्नसराईत याच रस्त्याने गावी येतात. जीजे ०५ च्या, म्हणजे सुरत पासिंगच्या गाड्या त्या ओळीपाशी हळू होतात. उतरल्या उतरल्या लोक अहिराणीतच बोलायला लागतात आणि शेवभाजीआधी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आहे का विचारतात. आता कळण्याची भाकरीही बोर्डावर आहे.

पेंटर, अमळनेर

मी ब्रशने बोर्ड रंगवत आलो, आता फ्लेक्स आणि एलईडीची कामंही घेतो. दुकानदार पहिला प्रश्न दराचा विचारतात. मी पहिला प्रश्न विचारतो, दुकानाचं तोंड कुणीकडे?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानावर दुपारभर ऊन. छापील फ्लेक्सवर लाल आणि पिवळा आधी उडतात, काळा सगळ्यांत शेवटी. लाल अक्षरांत नाव लिहिलेलं दुकान एका उन्हाळ्यात फिकट गुलाबी होतं आणि दुकान बंद पडल्यासारखं दिसतं. तोंड पश्चिमेला असेल तर पिवळ्या किंवा पांढऱ्यावर काळं घ्या. पैसे असतील तर पत्र्यावर एनॅमल, नाहीतर एसीपी (अ‍ॅल्युमिनियमच्या) शीटवर उठावाची अक्षरं. फ्लेक्स स्वस्त पडतो खरा, पण तो दर वर्षी बदलायची तयारी ठेवायची. विटका फ्लेक्स टांगून ठेवण्यापेक्षा नुसती रंगवलेली भिंत बरी.

दुसरी गोष्ट देवनागरीची. आपल्या अक्षरांना वर मात्रा, वेलांटी, रफार लागतात, खाली उकार लागतो. इंग्रजीची मोठी अक्षरं पट्टीत मावतात, आपल्याला वर-खाली जागा सोडावी लागते. दोन फुटी पट्टीत नावाबरोबर प्रोप्रायटर, स्थापना, देवाचा फोटो आणि पाच प्रकारच्या मालाची यादी कोंबली की नाव चार बोटांचं उरतं. नाव आणि धंदा, एवढंच मोठं ठेवा. बाकीचं आत लावा. नक्षीदार फॉन्ट लग्नपत्रिकेत शोभतो, रस्त्यावर त्याच्या वेलांट्या एकमेकींत गुंततात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. छापण्याआधी प्रूफ मागा आणि मोठ्याने वाचा. शक्यतो दुसऱ्याला वाचायला लावा, कारण आपलं नाव आपण न वाचताच वाचतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण बरेच जण दंडाची वेळ आली की धावत येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लावावी लागते. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी हवी आणि दुसऱ्या भाषेची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. मला हा नियम मनापासून पटतो. आमच्याकडे सकाळी बाजाराला येणारा माणूस मराठीच वाचतो.

उन्हाळ्याच्या शेवटी वावटळ आणि वादळी पाऊस येतो तेव्हा मोठा फ्लेक्स शिडासारखा वारा धरतो. लोखंडी फ्रेम भिंतीत नीट बोल्ट केलेली हवी, वेल्डिंग गंजलंय का ते पावसाआधी वर चढून पाहायलाच हवं. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. आपले बोर्ड लहान असतात, पण खालून पोरं शाळेत जातात.

घरगुती पापड-कुरडया, भुसावळ

माझं दुकान म्हणजे घरच. गल्लीत आत चौथं दार. दारावर कितीही छान पाटी लावली तरी मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला ती दिसणार कशी? पेंटरदादा, गल्लीच्या तोंडाला विजेचा खांब आहे, त्याच्यावर लावू का?

पेंटर, अमळनेर

ताई, खांबावर नको. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपणाच्या कायद्यात ते अडकतं, आणि लाइनमनलाही चढताना धोका. कोपऱ्यावरच्या घरवाल्यांना विचारा, त्यांच्या कंपाउंडवर दीड बाय एक फुटाची पत्र्याची पाटी पुरेल. बाण मोठा काढा.

घरगुती पापड-कुरडया, भुसावळ

लावली! कोपऱ्यावरच्या काकूंनी लगेच हो म्हटलं, मी त्यांना उडदाचे पापड दिले. पाटीवर "ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड. चौथं घर, हिरवं दार" एवढंच आहे. "गृहउद्योग" हा शब्द मुद्दाम काढला, त्याच्या जागी "बिबडे" आलं, म्हणजे आपले ज्वारीचे पापड. नोकरीमुळे रेल्वे क्वार्टरमध्ये बाहेरून आलेली कुटुंबं खूप आहेत, त्या बायका बिबडे म्हणजे काय हे विचारायलाच दारात येतात. मी एक भाजून हातात देते.

किराणा आणि शेतीची अवजारं, मोलगीच्या बाजारात (जि. नंदुरबार)

आमच्याकडे डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं येतात. बरीच आजी-आजोबा मंडळी वाचत नाहीत, आणि घरात मराठी नाही, भिलोरी किंवा पावरी बोलतात. इथे पाटीपेक्षा वस्तू बोलते. विळे, दोर, फवारणी पंप, कंदील मी दारावर टांगतो, रोज त्याच क्रमाने. क्रम बदलला की जुनं गिऱ्हाईक गोंधळतं.

आमचूर आणि भगर आम्ही विकतही घेतो. त्याचा भाव मी काळ्या फळीवर खडूने लिहितो, शेजारी आमचुराचा तुकडा आणि भगरीची मूठ पारदर्शक पिशवीत चिकटवतो. आकडा बहुतेकांना कळतो, नोट ओळखता येते तसा. भाव फळीवर असला की आलेली बाई शेजारच्या दुकानाशी ताडून पाहते. तो तिचा हक्क आहे. फळी रस्त्याकडे तोंड करून ठेवली तेव्हा काही व्यापारी नाराज झाले. मी हलवली नाही.

कृषी सेवा केंद्र, रावेर

खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे साठा आणि भावाचा फलक आम्हाला लावावाच लागतो. बऱ्याच ठिकाणी तो आत, पोत्यांच्या थप्पीमागे असतो. मी दारात आणला आणि रोज सकाळी भरतो. युरिया नाही तर "नाही" लिहितो. गाडीवरून न उतरताच शेतकरी पुढे जातो, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. त्याच फलकाच्या खालच्या कोपऱ्यात केळीचा त्या दिवसाचा बऱ्हाणपूरचा भाव लिहायला लागलो, तेव्हापासून खत नको असलेली माणसंही दाराशी थांबतात.

भजी-जिलेबीचा स्टॉल, सारंगखेडा यात्रा

दत्तजयंतीला यात्रा भरते. गर्दीत माणसाच्या डोक्यावरून दिसेल तोच बोर्ड. आमचा कापडी बोर्ड ८ फुटांच्या वर, आणि त्याच्यावर स्वतःचा बल्ब. धूळ एवढी उडते की संध्याकाळी तो पुसावा लागतो. बाकी काम तेलाचा वास करतो.

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, चाळीसगाव

तहसील कचेरीजवळ दुकान. जून-जुलैत शाळा-कॉलेजच्या प्रवेशाला उत्पन्नाचे दाखले काढायची झुंबड. माणसं रांगेत उभी राहतात, नंबर आला की कळतं एक कागद घरी राहिलाय. मी दुकानाच्या बाहेर, रांगेच्या शेपटाकडे, मोठ्या अक्षरांत फलक लावला: "उत्पन्नाचा दाखला: आधार, रेशनकार्ड, तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, फोटो." प्रत्येकाच्या समोर त्या कागदाचं छोटं चित्र. जागा महत्त्वाची. काउंटरवर लावला असता तर तासभर उभं राहिल्यावर दिसला असता.

फलक वाचून काही जण तिथूनच परत फिरतात. तळेगावकडून एसटीने आलेल्या एका बाबांनी रेशनकार्ड आणलं नव्हतं, त्यांनी सूनबाईंना फोन केला, तिने फोटो पाठवला, मी प्रिंट काढली आणि मूळ कार्ड दुसऱ्या दिवशी दाखवायला सांगितलं. ज्यांच्याकडे असा फोन नसतो त्यांच्यासाठी त्याच यादीच्या छोट्या चिठ्ठ्या छापून खिळ्याला अडकवल्या आहेत. लोक त्या फाडून घेऊन जातात आणि गावात दुसऱ्यालाही देतात. यंदा जातीच्या दाखल्याचीही तशीच चिठ्ठी करतोय. आजोबांच्या काळातल्या पुराव्याची ओळ साध्या शब्दांत कशी लिहावी, कोणी केली असेल तर इथे टाका.