पॉइंटर फक्त हलवला, वाचला नाही, तरीही

"पॉइंटर ॲरेबाहेर नेला, पण तिथलं काही वाचलं नाही, तर बिघडतं कुठे?" सी आणि सी++ मध्ये बिघडतं. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा व्हेरिएबल, ॲरे म्हणजे मेमरीत सलग ठेवलेले घटक. दहा घटकांचा ॲरे असेल तर शेवटच्या घटकापुढची एक जागा, म्हणजे ॲरे + १०, इथवर पॉइंटर नेता येतो. तिथलं वाचायचं मात्र नाही. + ११ किंवा - १ केलं की नुसत्या त्या हिशेबानेच अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. म्हणून पी हा पॉइंटर शेवटाकडून मागे आणत 'पी >= ॲरे' असेपर्यंत फिरणारा लूपही चुकीचाच, कारण थांबण्याआधी पी ॲरेच्या सुरुवातीच्याही एक घर मागे गेलेला असतो. बहुतेक वेळा चालतो, हाच तर वैताग!

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. बफरमध्ये (डेटा ठेवायच्या मेमरीच्या तुकड्यात) जागा उरलीय का हे बघायला 'पॉइंटर + लांबी < पॉइंटर' असेल तर एरर, असं लिहिलं होतं. लांबी अनसाइन्ड (ऋण न होणारी संख्या), त्यामुळे बेरीज ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन, पत्ता लहान होईल हा भरवसा. डीबग बिल्डमध्ये सगळं छान. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची सोय) लावल्यावर कंपायलरने ती तपासणीच उडवली. त्याच्या दृष्टीने वैध पॉइंटर असा लहान होऊच शकत नाही, म्हणजे अट कायम खोटी.

त्याऐवजी 'लांबी > शेवट - पॉइंटर' असं तपासा, इथे 'शेवट' म्हणजे बफरच्या शेवटाचा पॉइंटर. दोन्ही पॉइंटर एकाच बफरमधले हवेत, वेगवेगळ्या ॲरेंमधली वजाबाकीही अनडिफाइन्डच. आणि ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनावर विसंबू नका, तो चुकीच्या जागी प्रत्यक्ष वाचलं-लिहिलं तरच ओरडतो.