‘सुंदर ते ध्यान’ : इथे ध्यान म्हणजे नेमके काय?

प्रश्न : ध्यान आपण करतो. मग तुकोबांच्या अभंगात ते विटेवर ‘उभे’ कसे? आणि ‘काय ध्यान आहे!’ म्हणतात ते ध्यान हेच का?

उत्तर : शब्द एकच. धातू ‘ध्यै’, म्हणजे चिंतणे. पूजेत आवाहनाच्या आधी देवतेचे रूप डोळ्यांसमोर आणणारा श्लोक म्हणतात, त्यालाही ध्यान म्हणतात. रामरक्षेतले ‘ध्यायेदाजानुबाहुं’ पाहा : गुडघ्यांपर्यंत पोचणारे हात, धनुष्यबाण, बद्धपद्मासन, पिवळे वस्त्र, डाव्या मांडीवर बसलेल्या सीतेच्या मुखाकडे लागलेले डोळे. संगीतातल्या रागांचीही अशीच, रागाचे रूप वर्णन करणारी ध्याने आहेत. चिंतनाची क्रिया, चिंतनाचा श्लोक आणि ज्याचे चिंतन करायचे ते रूप, असा अर्थ सरकत गेला. अभंगात तिसरा अर्थ आहे. गाथेत ‘आवडे निरंतर तेचि रूप’, तर गायनात सर्रास ‘हेचि ध्यान’ असा पाठ ऐकू येतो. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतात, याचा याहून चांगला पुरावा नको.

पुरवणी : वेदान्तात ध्याता (ध्यान करणारा), ध्येय (ज्याचे ध्यान करायचे ते), ध्यान (ती क्रिया) ही त्रिपुटी आहे. त्या हिशेबाने विठ्ठल ‘ध्येय’ ठरतो. पण अभंग वाचताना तो काटेकोरपणा लावू नये. ‘सुंदर’ हे विशेषण तिथे शोभेपुरते नाही, साधनेत त्याला काम आहे. क्रियापदांकडे पाहा : ध्यान ‘करणे’ आणि ‘धरणे’ यांत प्रयत्न आहे, ध्यान ‘लागणे’ हे झोप लागणे, तंद्री लागणे यांच्या पंक्तीतले, ते आपल्या हातात नसते. रूप आवडले की धरलेले ध्यान लागते. ‘आवडे’ आणि शेवटी ‘आवडीने’ हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे.

प्रश्न : मग रूपाचे ध्यान प्रत्यक्षात कसे करतात? नुसते मूर्तीकडे बघत बसायचे?

उत्तर : भागवताच्या अकराव्या स्कंधाच्या 14व्या अध्यायात क्रम दिला आहे, एकनाथांची त्यावर मराठी टीका आहे. आधी सगळ्या अवयवांसह रूप मनात आणायचे. मग सर्वत्र पसरलेले चित्त ओढून एकाच जागी, हसऱ्या मुखावर, ठेवायचे; दुसरे काही चिंतायचे नाही. ते तिथे स्थिरावले की आकाशात, म्हणजे निराकारात, न्यायचे. शेवटी तेही सोडायचे. तिसऱ्या स्कंधात (अध्याय 28) चरणांपासून एकेक अवयव घेत हास्यापर्यंत जायला सांगितले आहे. आता अभंगाचा क्रम लावून बघा : वीट, कमरेवरचे हात, तुळशीहार, पीतांबर, कानांतली मकरकुंडले, कंठातला कौस्तुभ, आणि अखेरीस ‘पाहीन श्रीमुख’. नजर मध्ये थोडी खाली-वर होते, पण विटेपासून निघून शेवटी मुखावरच येऊन थांबते.

चुकते ते दोन ठिकाणी. एक, अवयवांची यादी घाईने उरकली जाते. चित्त एका अवयवावर ठरल्याशिवाय पुढच्यावर जायचे नाही. दुसरे, पाहण्याची पारख होते : आज पोशाख कोणता, दागिने कोणते. सौंदर्य जोखायला लागलो की पाहणारा पुन्हा वेगळा उभा राहतो आणि ध्यान मोडते. मन अशा तुलनेत शिरले तर तिथेच जोर करू नये, पुन्हा चरणांपासून सुरुवात करावी.

‘काय ध्यान आहे!’ बद्दल : तिथेही ‘ध्यान’ म्हणजे नजरेत भरणारे रूपच, फक्त विचित्रपणामुळे भरणारे. ‘सुंदर’, ‘सगुण’ असे विशेषण किंवा देवाचा संदर्भ नसेल तर आजचा वाचक हाच अर्थ घेईल. म्हणून स्वतःच्या लेखनात ‘गाभाऱ्यात ध्यान उभे होते’ असे उघडे वाक्य टाळा. ‘सगुण ध्यान’ किंवा सरळ ‘रूप’ लिहा. ‘ध्यानात ठेवणे’, ‘ध्यानीमनी नसणे’ या वाक्प्रचारांचा रूपाशी संबंध नाही, ते मूळ चिंतनाच्या अर्थाचे आहेत. आणि ‘इकडे ध्यान दे’ ऐवजी मराठीत ‘लक्ष दे’ बरे.