दोन नावांपैकी एक निवडताना: सीमाभागातील पालकांचे अनुभव

मुलीच्या जन्मानंतर नावांची जी लांबलचक यादी घरात फिरू लागते, ती बारसे जवळ येईपर्यंत बहुधा दोन नावांवर येऊन अडते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी कुटुंबांत या अडणीला आणखी एक पदर असतो, कारण घरात मराठीतून ज्या नावाने हाक मारायची, तेच नाव सरकारी दाखल्यावर कन्नड आणि इंग्रजीत उमटणार असते. आपल्याकडे कोणती दोन नावे होती, कोणाचा आग्रह कशासाठी होता आणि शेवटी कशावरून ठरले, एवढे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. अर्थांच्या याद्या कृपया देऊ नयेत. त्यांची पुस्तके बाजारात भरपूर आहेत.

एक माहिती आधीच देऊन ठेवतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते, परंतु त्या वेळी बाळाचे नाव देणे आवश्यक नसते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार असल्यामुळे, त्यावरचे नाव पहिल्या खेपेलाच विचारपूर्वक लिहिलेले बरे.

शहापूर, बेळगाव येथील एक आई

माझ्या मनात गरोदरपणापासून ‘सई’ हे नाव होते. मुलगी मघा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावर जन्मली आणि पत्रिकेत ‘मी’ हे अक्षर आल्यामुळे सासूबाईंनी ‘मीरा’ सुचवले. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून जी 108 अक्षरे होतात, त्यांतले नेमके सोपे अक्षर आपल्या वाट्याला आले, हा त्यांना शुभसंकेत वाटत होता. जन्मनाव कानात सांगायचे आणि व्यवहारात दुसरे ठेवायचे, ही जुनी सोय असल्यामुळे ‘कानात मीरा, कागदावर सई’ अशी तडजोड जवळजवळ ठरलीही होती.

माझ्या पतीने सहज म्हणून ‘सई’ इंग्रजीत लिहून शेजारच्या कन्नड काकूंना दाखवले. त्यांनी एस, ए, आय ही अक्षरे पाहून ‘साई’ असे वाचले आणि मुलगा झाला का, असे विचारले. इंग्रजीत एक ‘ई’ वाढवून पाहिला, तरी वाचणाऱ्याचा घोटाळा मिटेना. मग आम्ही तडजोडच उलटी केली. कागदावर ‘मीरा’ गेले आणि वन्संनी बाळाच्या कानात ‘सई’ सांगितले. पत्रिकेतले नाव दाखल्यावर आणि हौसेचे नाव कानात, असे आमच्या भावकीत यापूर्वी कोणी केले नसावे. सासूबाईंची मात्र काहीही तक्रार नाही, कारण शाळेत त्यांचेच नाव चालते.

चिकोडी तालुक्यातील एक वडील

माझी पत्नी कन्नड घरातली आहे आणि आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटावर बसून बोलल्या जातात. तिच्या माहेरच्यांनी ‘कावेरी’ हे नाव काढले. माझ्या आईने ‘कृष्णा’ सुचवले, कारण तिच्या आजीचे नाव कृष्णाबाई होते आणि महाबळेश्वराहून निघून सांगली, नरसोबाची वाडी करत येणारी ती नदी आमच्याच तालुक्यातून पुढे जाते. कावेरीचे पाणी आपल्यापैकी कोणी प्यायले आहे का, असा तिचा रोकडा प्रश्न होता. सासरेबुवांचे उत्तर असे होते, की कृष्णा म्हटले की सगळे मुलगाच समजतात आणि मुलीला जन्मभर खुलासे करीत बसावे लागेल.

दोघांचेही म्हणणे खरे होते, त्यामुळे वाद लवकर मिटेना. मुलींना नद्यांचीच नावे का द्यायची, असे माझ्या धाकट्या भावाने विचारून पाहिले, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. बारशाच्या तयारीसाठी आलेल्या पत्नीच्या मावशी बोलता बोलता नदीला ‘कृष्णवेणी’ म्हणाल्या. हे नाव कन्नड घरांतल्या मुलींना पूर्वीपासून ठेवले जाते आणि आमच्या आईला ते आरत्या-स्तोत्रांतून ‘कृष्णावेणी’ म्हणून ठाऊक होते. एका काना-मात्रेचा फरक तेवढा राहिला, तो आम्ही कन्नड बाजूने सोडवला. आता दोन्ही आज्या तिला ‘वेणी’ म्हणतात आणि ‘कावेरी’चा विषय मेव्हणीच्या मुलीसाठी राखून ठेवलेला आहे.

दोन नावांवर घर अडले, तर त्या दोहोंमागचा आग्रह नेमका कशाचा आहे, ते आधी विचारावे, असे मला वाटते. आमच्याकडे माझ्या आईला नदी हवी होती आणि सासऱ्यांना मुलीचे वाटेल असे नाव हवे होते. हे कळल्यावर तिसरे नाव सापडायला वेळ लागला नाही.

चंदगड तालुक्यातील एक आई

आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्यात असले, तरी दवाखान्यासाठी आम्हांला बेळगावच जवळ पडते. जन्माची नोंद जेथे जन्म होतो तेथे होते, त्यामुळे माझ्या मुलीचा दाखला कर्नाटकचा, म्हणजे कन्नड आणि इंग्रजीत आहे. ‘मृणाल’ आणि ‘केतकी’ यांपैकी ‘मृणाल’ जवळपास पक्के होते. नोंदणीच्या खिडकीवर तपासणीसाठी जो कागद मिळाला, त्यावर ते कन्नडमध्ये ‘म्रुनल’ असे उमटलेले होते. ते दुरुस्त होईपर्यंत माझ्या पतीने मला फोन केला आणि आम्ही दोघांनीही, काहीशा वैतागाने, ‘केतकी’ लिहायला सांगितले. नाव मनासारखे आहे, पण ते खिडकीसमोर ठरले, याची चुटपुट लागून राहिली आहे.

टिळकवाडी येथील एक शिक्षिका

वरच्या अनुभवात ‘ण’चा ‘न’ झाला, तो कन्नड लिपीमुळे नव्हे, हे स्पष्ट करणे मला गरजेचे वाटते. कन्नडमध्ये ‘ण’ आहे, ‘ळ’ आहे, ‘ऋ’ आहे आणि ‘ऋ’चा उच्चारही तेथे आपल्यासारखाच ‘रु’कडे झुकतो. नाव बिघडते ते इंग्रजीच्या वाटेने. आपण अर्जात इंग्रजी स्पेलिंग देतो आणि टंकलेखन करणारा त्यावरून कन्नड अक्षरे जुळवतो, तेव्हा मूळ नाव काय होते हे त्याला कळण्याचा काही मार्गच उरत नाही.

आमच्यापुढे ‘प्रज्ञा’ आणि ‘मधुरा’ ही नावे होती. ‘मधुरा’ला कोठेच अडथळा नव्हता. ‘प्रज्ञा’ला होता, कारण ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ असा उच्चारतो आणि इंग्रजीतही डी, एन, वाय लावून लिहितो. त्यावरून कन्नडमध्ये ‘प्रद्न्या’ असे विचित्र जोडाक्षर तयार होते. कन्नड लोक हेच नाव जे आणि एन लावून लिहितात, पण ते पुण्याच्या नातेवाइकांनी ‘प्रजना’ असे वाचले. तरीही आम्ही ‘प्रज्ञा’च ठेवले, कारण नाव आवडलेले असताना केवळ स्पेलिंगला घाबरून ते सोडणे मला पटले नाही. एका चिठ्ठीवर ते कन्नडमध्ये हाताने लिहून नेले आणि अगदी तसेच टंकून घेतले. इंग्रजीत मराठी पद्धतच ठेवली. ज्यांना कन्नड लिहिता येत नाही, त्यांनी शेजाऱ्यांकडून दोन्ही नावे लिहून घ्यावीत. आपल्या गल्लीत एवढी मदत कोणीही करते.

खानापूर येथील एक वडील

आजोबांना ‘मलप्रभा’ हवे होते, कारण ती नदी आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते. आम्हां दोघांना ‘इरा’ आवडले होते आणि तेच ठेवले. आजोबा अजूनही मलप्रभा अशीच हाक मारतात आणि मुलगी ओ देते. यापलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही.

निपाणी येथील एक आजी

शहापूरच्या बाईंनी दोन नावे निभावली, हे वाचून आनंद झाला, पण माझे मत त्याविरुद्ध आहे. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि तेव्हापासून शाळेच्या दाखल्यावर एक व शिधापत्रिकेवर दुसरे, अशी माझी दोन नावे आहेत. बँकेत वा कचेरीत गेले, की ही एकच बाई आहे असे प्रतिज्ञापत्र पुढे करावे लागते. म्हणून नातीच्या वेळी मी एवढाच हट्ट धरला, की नाव कोणतेही ठेवा, पण कानात, पाळण्यात आणि कागदावर एकच असू द्या.

सुनेपुढे ‘शाल्मली’ आणि ‘भार्गवी’ अशी नावे होती. आम्ही दोन्ही नावांनी परसातून हाका मारून पाहिल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडी ‘शाल्मली’चे दर वेळी ‘शामली’ होऊ लागले. ‘‘हाक मारताना जीभ वळायला पाहिजे की!’’ असे त्या स्वतःच म्हणाल्या. शेवटचा शब्द सुनेचा होता आणि तिने ‘भार्गवी’ निवडले. माझ्या मुलीचा कौल ‘शाल्मली’ला होता, तरी आत्या म्हणून तिनेच नाव कानात सांगितले. तिच्या पाठीवरचे धपाटे मात्र बायकांनी त्या दिवशी जरा जास्तच जोरात घातले, कारण ती शेवटपर्यंत कुरकुरत होती.