डॉ. लेमॉइन १८४० मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते की नव्हते?

जुनी_पानं: पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावचे डॉ. फ्रान्सिस ज्युलियस लेमॉइन (१७९८–१८७९). गुलामगिरीविरोधी लिबर्टी पार्टीच्या १८४० च्या उमेदवारांत कुठे त्यांचं नाव दिसतं, कुठे थॉमस अर्ल यांचं. खरं काय? आणि शवदाहिनी बांधणारे लेमॉइन ते हेच का?

तळटीप: दोन वेगळ्या सभांची सरमिसळ झालीय. नोव्हेंबर १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉर्सा इथल्या सभेने अध्यक्षपदासाठी जेम्स बर्नी आणि उपाध्यक्षपदासाठी लेमॉइन यांची निवड केली. दोघांनीही नकार कळवला. १ एप्रिल १८४० ला ऑल्बनीत पुन्हा सभा भरली, तेव्हा बर्नी तयार झाले आणि जोडीला अर्ल आले. म्हणजे प्रत्यक्ष निवडणुकीत अर्लच.

लेमॉइन पुढे पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदासाठी १८४१, १८४४ आणि १८४७ असे तीनदा उभे राहिले, तिन्हीदा पडले. त्यात नवल नाही. तेव्हा सरकारी मतपत्रिका नव्हत्या. प्रत्येक पक्ष आपापल्या छापून वाटायचा. जिथे वाटायला माणूस नाही, तिथे सहानुभूती असूनही मत पडत नसे.

रिकामटेकडा: मग उभं राहून उपयोग काय?

तळटीप: १८४४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतलं न्यूयॉर्क बघा. व्हिग पक्षाचे हेन्री क्ले तिथे डेमोक्रॅट जेम्स पोक यांच्याकडून साधारण ५,१०० मतांनी हरले, बर्नींना मिळाली १५,८०० च्या आसपास. त्यातली काही क्लेंकडे गेली असती तर निकाल फिरला असता; तेवढ्यावर पोक अध्यक्ष झाले. पोक स्वतः गुलामांचे मालक, त्यामुळे हा डाव अंगाशी आला असं म्हणणारेही आहेत, आणि ते अगदीच चूक नाहीत.

कोळसा_भट्टी: शवदाहिनीवाले तेच. पुरलेल्या प्रेतांमुळे पाणी दूषित होतं, हा त्यांचा डॉक्टरी मुद्दा. गावच्या दफनभूमीने जागा नाकारली, म्हणून १८७६ मध्ये स्वतःच्या जमिनीवर बांधली. कोकची (भाजलेल्या दगडी कोळशाची) भट्टी, वर मातीचं बंद दालन. ते आधी बराच वेळ तापवून लाल करायचं, मग प्रेत आत. ज्वाळा प्रेताला लागत नाहीत, दहन नुसत्या उष्णतेने होतं. पहिलं दहन ६ डिसेंबर १८७६ ला, बॅरन द पाम यांचं. तिसरं खुद्द लेमॉइन यांचं.

तळटीप: त्यांचं घरही विसरू नका. पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा मिळे. पळालेल्या गुलामांबाबतच्या १८५० च्या कायद्यानंतर अशा मदतीला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होती. निवडणुकीपेक्षा धोका इथे जास्त होता.