मारुती जिप्सी किंग (१९९८, कार्ब्युरेटर): वॉटर पंप बदलायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो का?

डोंगरवाट_४१३: १२९८ सीसी, ८ व्हॉल्व्हचं इंजिन. गाडी रात्रभर उभी राहिली की पंपाच्या पुलीखाली कूलंटचे थेंब दिसतात. इंजिन बंद असताना पंखा हातात धरून हलवला तर किंचित खेळतो. गॅरेजवाले म्हणतात पंपाला किट (सील-बेअरिंगचा दुरुस्ती संच) टाकू, टायमिंग बेल्टला हात लावायची गरज नाही. खरं आहे का? आणि सोबत काय काय बदलून घ्यावं?

पाना_दहाचा: खरं नाही, टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. पंप फिरतो बाहेरच्या व्ही-बेल्टवर, म्हणून वरून बघताना तसं वाटतं. पण त्याचे बोल्ट टायमिंगच्या आतल्या कव्हरमागे आहेत. टायमिंग बेल्ट (इंजिनचा मुख्य दांडा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा), टेन्शनर (त्याला ताण देणारी पुली) आणि ते कव्हर निघाल्याशिवाय पंप सुटत नाही.

पंखा खेळतोय म्हणजे बेअरिंग गेलंय. आधी सील गळतो, मग पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन टाकतं. किटच्या भानगडीत पडू नका. एवढं सगळं खोलल्यावर नवा पंपच बसवा, कारण किटचा सील तिरका बसला तर हीच मजुरी परत द्यावी लागेल.

क्रम असा: इंजिन पूर्ण गार, बॅटरी काढलेली. कूलंट काढा. पंखा, फॅन क्लच (पंख्यामागचा ऑइल भरलेला भाग) आणि श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) एकत्रच बाहेर येतात. फॅन क्लच उभाच ठेवा, आडवा ठेवला तर आतलं ऑइल झिरपतं. क्रँक पुलीचे भोवतालचे छोटे बोल्टच काढा, मधला राहू द्या, इंजिन फिरवायला तोच लागतो (१७चा पाना). बाहेरचं कव्हर निघालं की खुणा जुळवा: कॅमच्या चाकावरची खूण वरच्या व्ही खाचेला, क्रँकच्या चाकावरचा पंच ऑइल पंपावरच्या बाणाला. पांढऱ्या रंगाने ठिपके द्या आणि मगच टेन्शनर सैल करा. बेल्ट निघाल्यावर कॅम किंवा क्रँक एकटं फिरवू नका.

कूलंटवाला: वरच्यात भर. नव्या पंपासोबत गॅस्केट येतं, पण दोन रबरी सील हमखास विसरले जातात: एक पंप आणि ऑइल पंपामधलं, दुसरं पंप आणि हेडमधलं. नवे आणूनच काम सुरू करा.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. जुनं गॅस्केट खरवडायला पटाशी किंवा पोलादी पातं नको, एक ओरखडा पडला की तिथूनच पाझरतं. प्लास्टिकचा स्क्रेपर वापरा. सीलंटचा थर जाड दिला तर तो आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. पंपाचे बोल्ट फक्त ९ ते १२ न्यूटन-मीटर. लांब हँडलने ताणले तर आटे जातात आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकावं लागतं.

डोंगरवाट_४१३: धन्यवाद दोघांनाही. टायमिंग बेल्टचा ताण हाताच्या अंदाजाने द्यायचा का? आणि तोवर रेडिएटरमध्ये हळद टाकून चालेल?

पाना_दहाचा: अंदाज नको, ताण टेन्शनरची स्प्रिंगच देते. टॅपेटचे (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट ठरवणारे) स्क्रू सैल करून कॅम मोकळा ठेवायचा, टेन्शनर सैल असताना क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, खुणा पुन्हा जुळल्या की टेन्शनरचा आधी स्टड आणि मग बोल्ट आवळायचा. नंतर टॅपेट सेटिंग करावीच लागते. बेल्ट चुकीचा बसून खुणा एक दाता सरकल्या तर इंजिन ओढत नाही, म्हणून दोन फेऱ्यांनंतरची तपासणी टाळू नका. व्ही-बेल्ट अंगठ्याने जोरात दाबल्यावर ६ ते ९ मिमी दबला पाहिजे.

बेल्ट, टेन्शनर, क्रँक आणि कॅमचे पुढचे ऑइल सील, व्ही-बेल्ट आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) आत्ताच बदला. मजुरी तीच आहे.

कूलंटवाला: हळद रेडिएटरच्या बारीक छिद्रापुरती. फिरत्या सीलवर तिचा काही उपयोग नाही, उलट गाळ हीटरमध्ये बसतो. बेअरिंग खेळत असताना गाडी घाटात नेऊच नका. ते जाम झालं तर व्ही-बेल्ट तुटतो, पंखा रेडिएटरवर आदळू शकतो आणि तापून हेड वाकतं.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, एकूण साधारण पाच लिटर. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षारांनी ॲल्युमिनियम खातं आणि नव्या पंपाचा सीलही घासतो. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर गरमवर, कॅप उघडी, इंजिन आयडलवर. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना पातळी बघा, ती थोडी उतरलेली असतेच.