बहिणीने हक्कसोडवर सही करावी का?

भांडुपची_लेक
भाऊबीजेला माहेरी गेले होते. दादाला ओवाळलं, त्याने ताटात पाकीट ठेवलं, वहिनीने फराळाच्या बश्या उचलल्या आणि दादाने एक प्लास्टिकचं फोल्डर पुढे सरकवलं. आत हक्कसोड पत्र, म्हणजे घरातला माझा हिस्सा मी सोडते असा कागद, सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारलेल्या. म्हणाला, शुक्रवारी रजिस्ट्रेशनला जाऊ, तू फक्त आधार कार्ड आण. बाबांनी गिरणीच्या पैशातून आणि आईच्या पोळीभाजीच्या डब्यांवर घेतलेला फ्लॅट, आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय म्हणून कागद हवेत. मृत्युपत्र नाही, आई बाबांच्या आधीच गेली, आम्ही दोघंच. मी विचार करून सांगते म्हटलं, तेव्हापासून दादाचा फोन नाही. पैशाची हाव नाही हो, पण सही घ्यायच्या आधी एकदा तरी विचारायचं ना की तुझ्या मनात काय आहे. काय करू?

परळकर
ताई राग मानू नका, पण सही करून टाका. माझे वडील पॅरालिसिसने साडेचार वर्षं अंथरुणाला होते, बायकोने नोकरी सोडली, रात्री दोन-दोनदा चादरी बदलल्या. बहीण गणपतीला आणि दिवाळीला यायची, रडायची, जायची. आता तिला अर्धा हिस्सा द्यायचा तर घर विकून आम्ही लांब वांगणीला जायचं आणि पोरांची शाळा सोडवायची. तिच्या लग्नाचं कर्जही मीच फेडलं. मुलींना समान हिस्सा देणारा २००५ चा कायदा गावच्या जमिनीला ठीक आहे, मुंबईतल्या वन आरकेचे तुकडे कसे पाडणार?

वकिलाकडचा_कारकून
दोन गोष्टींची गल्लत होतेय. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. आपल्या महाराष्ट्राने ती १९९४ लाच केली होती, फक्त तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ ला लग्नाची अट गेली आणि २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. पण ताईंच्या बाबांनी स्वतः घेतलेला फ्लॅट, मृत्युपत्र नाही, तिथे मुलगा-मुलगी समान हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासूनच आहे. फक्त त्यात कलम २३ ची पाचर होती, म्हणजे घरात भाऊ राहत असतील तर ते वाटणी करेपर्यंत बहिणीने वाटणी मागायची नाही. हिस्सा कागदावर आणि किल्ली भावाकडे, असं जवळजवळ ५० वर्षं चाललं, ते कलम २००५ ला काढलं. आणि सोसायटीत दादा नॉमिनी असेल तरी नॉमिनी म्हणजे मालक नाही.

गिरगावकर
मग पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे भरून घेतलेल्या जुन्या भाड्याच्या खोल्यांचं काय? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो, असं सोबत राहणारं कोणी असेल तर लग्न होऊन गेलेल्या मुलीचा तिथे नंबर लागत नाही. मला हे जास्त पटतं, जो राहिला त्याचं घर. मालकीचा फ्लॅट असला की नियम उलटा, हे कसं काय?

लालबागची_मावशी
मी १९९८ साली सही केली. मोठ्या भावाने जरीची साडी घेतली, सगळे म्हणाले पोर किती समजूतदार. नऊ वर्षांनी नवरा गेला, सासरी जागा उरली नाही, दोन मुली घेऊन माहेरी आले. आठ दिवस झाले आणि भावजयीने गॅसजवळ उभं राहून, माझ्याकडे न बघता विचारलं, परतीचं काय ठरवलंय? ज्या ओट्यावर मी दहा वर्षांची असल्यापासून भाकऱ्या थापल्या त्या ओट्यापाशी. लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा नव्हे, माझं मांडवात बसलेल्या तीनशे माणसांनी जेवून संपवलं.

परळकर
मावशी, तुमचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझ्या बायकोच्या साडेचार वर्षांचा हिशेब कायद्यात कुठल्या कलमात आहे ते पण सांगा. सेवा एकाने करायची आणि वाटणी समान, हे मला अजून पटत नाही.

वकिलाकडचा_कारकून
वारसाहक्कात तो हिशेब खरंच नाही, ही उणीव मी मान्य करतो. वडील शुद्धीत असताना मृत्युपत्र करून सुनेच्या नावे काही ठेवू शकले असते, पण आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की अभद्र बोलला म्हणतात. जबाबदारी मात्र मुलींवरही आहे, कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८७ लाच सांगितलं की ऐपत असेल तर तिनेही बापाला पोसायचं. म्हणजे पोसायला मुलगी आणि वाटणीला परकी, असं चालणार नाही. आणि हिस्सा म्हणजे घर विकायलाच हवं असं कुठे आहे, नवीन घराच्या करारात दोघांची नावं लागतात, हप्त्याने पैसे देऊन रीतसर हक्क सोडवूनही घेता येतो.

भांडुपची_लेक
परळकर दादा, तुमचं पहिलं वाचून राग आला होता, दुसरं वाचून वहिनी आठवली. बाबांचं शेवटचं सगळं तिनेच केलं, मी रविवारी डबा घेऊन जायचे तेवढंच. आत्ता दादाला मेसेज केलाय की शुक्रवारी येत नाही, आधी तिघं बसून बोलू, नवीन घराच्या करारात माझंही नाव लागू दे, तुम्हीच राहा, मी भाडं मागणार नाही आणि वहिनीने केलं त्याचंही आपण काहीतरी कागदावर आणू. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.