मदत हवी आहे: ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा येतो, आणि मधल्या घरातून फोनला टीव्ही सापडत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला राहतो. घर जुनं, चिऱ्याचं, भिंती जाड. सोप्यात गूगल टीव्ही आणि तिथंच वायफायचा राउटर. सासऱ्यांना कमी ऐकू येतं. यूट्यूबवर कीर्तन लावलं की ते खुर्ची टीव्हीपाशी ओढतात आणि आवाज इतका वाढवावा लागतो की मुलांचा अभ्यास होत नाही. म्हणून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवायला ब्लूटूथ स्पीकर आणला.

जोडला लगेच गेला. पण बुवांचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. टाळांचं तर फारच जाणवतं. सासरे वैतागून ‘बंद करा ते’ म्हणतात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण दिवसभरात त्यांना एवढंच हवं असतं. शिवाय स्पीकर जोडला की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद. मग बाकीच्यांनी काय ऐकायचं?

दुसरी अडचण अशी की वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हतं, म्हणून मधल्या घरात दुसरा राउटर बसवून घेतला. त्याचं नाव वेगळं आहे. नेट छान चालतं, पण फोन त्यावर गेला की यूट्यूबमधलं कास्टचं, म्हणजे फोनवरून टीव्हीवर लावायचं, चिन्हच गायब होतं. सोप्यात आलं की परत दिसतं.

पुढच्या आठवड्यात बेळगावला जाणं आहे. काही घ्यायचं असेल तर काय मागू? कीर्तनाचं आधी सांगा, बाकीचं सावकाश चालेल.

प्रतिसाद (निपाणीहून)

ताई, ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, मग पाठवतात, मग स्पीकर तो उलगडतो. यात 100 ते 200 मिलिसेकंद सहज जातात. नुसत्या गाण्याला चालतं, ओठ दिसत असले की खटकतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘एव्ही सिंक’, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायची सोय, आहे का बघा. पण खात्रीचा उपाय वायरच. स्पीकरला ऑक्सची, म्हणजे हेडफोनसारखी पिन लावायची, जागा आहे का? आणि टीव्हीच्या मागे काय काय आहे?

कास्टचं कारण दुसरा राउटर. त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क केलंय. कास्ट करताना फोन व्हिडिओ पाठवत नाही, काय लावायचं तेवढं टीव्हीला सांगतो. व्हिडिओ टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून घेतो. पण ते सांगायला दोघं एकाच नेटवर्कवर हवेत. बसवणाऱ्याला दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे पोचवेल, आणि नाव-पासवर्ड पहिल्याचंच ठेवा. ‘गेस्ट नेटवर्क’ (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) वापरू नका, त्यावरून टीव्ही बहुधा दिसत नाही.

धागाकर्ती

स्पीकरला ऑक्स आहे. टीव्हीला हेडफोनची जागा नाही, ऑप्टिकल आणि एचडीएमआय आहे.

प्रतिसाद

मग दुकानात ‘ऑप्टिकल टू ऑक्स कन्व्हर्टर’ मागा. छोटी डबी असते, टीव्हीच्या ऑप्टिकलमधून येणारा डिजिटल आवाज ऑक्सला चालेल असा करते. ऑप्टिकल वायर आणि खुर्चीपर्यंत पुरेल एवढी ऑक्स वायर सोबत घ्या. टीव्हीत डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या आवाजावर ठेवा, नाहीतर डॉल्बीचा (दाबून पाठवलेल्या आवाजाचा) कार्यक्रम लागला की डबीला तो उलगडता येणार नाही आणि स्पीकर गप्प बसेल. काही टीव्ही ऑप्टिकलसोबत स्वतःचा आवाजही चालू ठेवतात, तुमच्यात तसा पर्याय असेल तर घरच्यांचाही प्रश्न सुटेल. घरी जोडून झाल्यावर इथे कळवा.